आठ आण्यांची सनई

वाचकहो, १९५९ सालच्या ‘गूंज उठी शहनाई’ चित्रपटातील ‘दिल का खिलौना’ हे लता मंगेशकरांनी गाइलेले गीत आपल्याही घरी आवडीने ऐकले गेले असेल. शब्द भरत व्यासांचे, संगीत कोकणच्या वसंत देसायांचे आणि चित्रपटात निनादणारी सनई उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची. ही सनई कोठे घडली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे देऊळ आहे. श्रावणात मंगळागौर पुजणाऱ्या आपल्या लेकीसुनांना हे नाव परके नाही. याच परिसरातील बालाजीच्या देवळात अमीरुद्दीन नावाचा मुलगा रोज सनई वाजवीत असे. देवळाकडे जाताना तो मुद्दाम रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका-भगिनींच्या घरावरून जाई. त्यांच्या ठुमरी-दादऱ्यांनी त्याला गाण्याची गोडी लावली. देवळात वाजविल्याचे आठ आणे हाती पडले, की तो सुलोचना या त्या काळच्या प्रसिद्ध नटीचा नवा चित्रपट पाहावयास धावे.

हाच अमीरुद्दीन पुढे बिस्मिल्ला खाँ म्हणून विख्यात झाला. २००१ साली भारतरत्न लाभलेल्या या कलावंताने देऊळ, ठुमरी आणि चित्रपट यांत कधी भिंत घातली नाही.

तेव्हा ‘सिनेमाचे गाणे’ म्हणून मुलांना दटावण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून ते ऐकावे. गायक कोण, वादक कोण, हे विचारावे; आणि उत्तर कोणासच आले नाही, तर सर्वांनी मिळून शोधावे.