चित्राचा हट्ट

१९९१ साली आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं ‘लूजिंग माय रिलिजन’ हे गाणं एमटीव्हीवर झळकू लागलं, तेव्हा ते चालेल याची खात्री खुद्द रेकॉर्ड कंपनीलाही नव्हती. गाण्याचा सगळा डोलारा मेंडोलिनवर, आणि ओठांवर रुळावं असं ठळक ध्रुपदही त्यात नाही. पण त्याचा व्हिडिओ लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. खोलीत दुधाचा जग पडून फुटतो. पंख असलेला एक म्हातारा आकाशातून खाली येऊन पडतो आणि माणसं त्याच्या जखमेत बोटं घालून पाहतात. मध्येच भडक रंगांत सजलेले देव-संत स्तब्ध उभे दिसतात. हे सगळं उभं करणारा दिग्दर्शक पंजाबातला, वय अवघं २९. त्याचं नाव पडद्यावर येत नव्हतं. व्हिडिओच्या दिग्दर्शकाचं नाव द्यायला एमटीव्हीने सुरुवात केली ती १९९२च्या अखेरीस.

तरसेमसिंग धंधवार. कामावर सही मात्र अनेकदा नुसती ‘तरसेम’ अशी. जन्म जालंधरचा, १९६१चा. वडील विमानांचे इंजिनिअर, त्यांची नोकरी इराणमध्ये. त्यामुळे बालपणाचा काही काळ तिकडे गेला आणि शाळा सिमल्याच्या बिशप कॉटनमध्ये झाली. पुढे दिल्लीत शिकत असताना अमेरिकेतल्या फिल्म स्कूलांची माहिती देणारं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं. सिनेमा हा कॉलेजात जाऊन शिकायचा विषय असू शकतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वडिलांना मुलाने व्यवस्थापन शिकावं असं वाटत होतं. मुलगा कॅलिफोर्नियात पॅसाडीनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये दाखल झाला. ही संस्था मुळात चित्रकार आणि डिझायनर घडवणारी. तरसेमचं पुढचं सगळं काम पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण कथेआधी चौकट सुचणं हा त्याचा पिंड तिथे पक्का झाला असणार.

सुझान वेगा आणि एन व्होग यांच्यासाठी केलेल्या व्हिडिओंनंतर आर.ई.एम.चं काम आलं. हिंदी सिनेमाच्या ढंगातली, भावनांनी ओथंबलेली स्वप्नवत मांडणी त्याला करायची होती. गायक मायकेल स्टाइप तोवर कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायला नाखूश असे. इथे तो गायला, आणि हात-खांदे झटकत, अडखळल्यासारखा असा नाचला की ते नाचणंच व्हिडिओची ओळख बनलं. बाकी सामग्री तरसेमने कुठून गोळा केली पाहा. पंखवाला म्हातारा गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या कथेतून आला. दुधाचं भांडं तारकोव्हस्कीच्या ‘द सॅक्रिफाइस’ या चित्रपटातलं. जखमेतलं बोट आणि तो काळोखातला पिवळा उजेड कारावाज्जोच्या चित्रांतला. आणि भडक देवदेवता आपल्या कॅलेंडरांमधल्या. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून निघालेल्या ज्या रंगीत देवांनी महाराष्ट्रातल्या घरांच्या भिंती भरल्या, त्यांच्याच वंशातल्या या प्रतिमा. कलाशाळेत शिकलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणांनी या चित्रांना बटबटीत म्हणून नाकं मुरडली होती. तरसेमने त्यांना कारावाज्जोच्या शेजारी बसवलं, आणि दोघांत उच्च-नीच काही ठरवलं नाही. मला त्याची ही सर्वांत मोठी हिंमत वाटते.

त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ आणि दिग्दर्शन धरून सहा पारितोषिकं मिळाली. पुढे ग्रॅमीही मिळालं. आता रांगेने व्हिडिओ करत सुटायचं, असा सरळ हिशेब दुसऱ्या कुणी केला असता. तरसेम वळला जाहिरातींकडे. लीव्हाइस जीन्सची १९९२ची पोहणाऱ्या तरुणाची जाहिरात, नायकेची १९९६ची फुटबॉलपटू विरुद्ध राक्षस ही जाहिरात, आणि पेप्सीची २००४ची, रोमन आखाड्यात ब्रिटनी स्पिअर्स, बियॉन्से आणि पिंक यांना उतरवणारी जाहिरात. यातून पैसा भरपूर आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जाहिरातींच्या निमित्ताने तो जगभर हिंडला आणि जागा हेरत राहिला. अमुक किल्ला, तमुक वाळवंट मनात नोंदवून ठेवायचा. ही साठवण बरीच वर्षं चालली.

पहिला चित्रपट ‘द सेल’ २०००चा. जेनिफर लोपेझ खुनी माणसाच्या मनात शिरते, अशी कल्पना. वेशभूषा जपानच्या एइको इशिओका यांची. या दोघांची जोडी पुढे त्या हयात असेपर्यंत टिकली. रॉजर ईबर्टने चित्रपटाला चार तारे दिले, पण अनेक समीक्षकांनी हा तर लांबवलेला म्युझिक व्हिडिओ, असा शेरा मारला. हा शेरा तेव्हापासून तरसेमच्या मागे लागला आहे. त्यात एक आळस आहे असं मला वाटतं. चित्र सुंदर असलं की गोष्ट पोकळच असणार, हे आधीच गृहीत धरलेलं असतं. गोष्ट कधीकधी खरोखरच पातळ असते, हे मान्य. पण तो दोष पटकथेचा. तो व्हिडिओच्या माध्यमावर का लादायचा?

या आक्षेपाला त्याने दिलेलं उत्तर म्हणजे ‘द फॉल’. १९८१च्या ‘यो हो हो’ या बल्गेरियन चित्रपटावर आधारलेला. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, जागा लॉस एंजेलिसचं इस्पितळ. पडून पाय निकामी झालेला एक स्टंटमन, हात मोडलेल्या एका लहान मुलीला गोष्ट सांगतो. बदल्यात तिने आपल्याला औषधाच्या गोळ्या चोरून आणून द्याव्यात, म्हणजे मरता येईल, हा त्याचा डाव. गोष्ट तो सांगतो, पण तिच्यातली चित्रं मुलीच्या डोक्यातली. तरसेमने बरीच वर्षं जमवलेल्या जागांना इथे घर मिळालं. आभानेरीच्या बारवेच्या पायऱ्या, जंतरमंतर, फत्तेपूर सिक्री, लडाख, बाली, नामिबिया. चित्रीकरण चार वर्षं, वीसहून अधिक देशांत चाललं, आणि पैसा मुख्यतः त्याच्या स्वतःच्या खिशातला. जाहिरातीच्या कामासाठी जिथे जायचं, तिथेच चित्रपटाचेही तुकडे टिपायचे, असा त्याचा शिरस्ता होता. जोधपूरच्या निळ्या घरांचा रंग विटला होता, तर त्याने रहिवाशांना निळा रंग पुरवला आणि घरं नव्याने रंगली. संगणकाने निळं करणं शक्य होतं. त्याला ते नको होतं.

पण या चित्रपटाचं खरं मोल मला इस्पितळातल्या प्रसंगांत दिसतं. सहा वर्षांची रोमानियन मुलगी कॅटिंका उंतारू नीट इंग्रजीही बोलत नव्हती. नायक ली पेसला खरंच चालता येत नाही, असा तिचा समज झाला. तरसेमने तो समज मोडला नाही. उलट युनिटमधल्या बहुतेकांनाही तसंच भासवलं, आणि पेस कित्येक आठवडे चाकाच्या खुर्चीत वावरला. पलंगाच्या पडद्याला भोकं पाडून कॅमेरा लपवला. मुलीचं चुकीचं ऐकणं, शब्द घोटाळणं, तिचे प्रश्न तसेच ठेवले आणि गोष्टच त्याप्रमाणे वळवली. नुसत्या नक्षीचा भुकेला दिग्दर्शक एका मुलीसाठी इतका धीर धरेल का?

२००६ला टोरोंटोच्या महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित व्हायला २००८ उजाडलं. डेव्हिड फिंचर आणि स्पाइक जोन्झ या, व्हिडिओंच्याच मुशीतून आलेल्या दोन दिग्दर्शकांनी सादरकर्ते म्हणून त्याला आपली नावं दिली, तरीही तो फारसा चालला नाही. २०२४ला त्याची नवी, पुनर्संस्कारित प्रत निघाली आणि त्याला नव्या पिढीचे प्रेक्षक लाभले.

‘द फॉल’नंतर स्टुडिओंसाठी केलेल्या चित्रपटांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. २०११च्या ‘इमॉर्टल्स’मध्ये आपल्या मुंबईची फ्रिडा पिंटो होती. ‘मिरर मिरर’च्या वेशभूषेसाठी इशिओका यांना मरणोत्तर ऑस्कर नामांकन मिळालं. २०२०ला लेडी गागाच्या ‘९११’साठी तो कित्येक वर्षांनी व्हिडिओकडे परतला, आणि तिथे पाराजानोव्हच्या ‘द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स’ या चित्रपटाला उघड नमस्कार केला.

मग २०२३ला ‘डिअर जस्सी’ आला. भाषा पंजाबी, पटकथा अमित राय यांची. कॅनडात वाढलेली जस्सी पंजाबातल्या एका गरीब तरुणाशी लग्न करते आणि २०००मध्ये तिचा खून होतो, ही खरी घटना. इथे एइकोचे झगे नाहीत, उंटांचे तांडे नाहीत. कॅमेरा दूर, बराच वेळ एका जागी स्थिर. माणसं चौकटीत येतात, जातात, आणि आपल्याला हस्तक्षेप करता येत नाही. टोरोंटोच्या महोत्सवात या चित्रपटाला प्लॅटफॉर्म पुरस्कार मिळाला. तरसेमने आपली शैली सोडली, असं तेव्हा म्हटलं गेलं. मला तसं दिसत नाही. १९९१ला व्हिडिओतल्या त्या खोलीत कॅमेरा कुठे ठेवायचा, हे जसं गाण्याने ठरवलं, तसं इथे जस्सीच्या मरणाने ठरवलं. त्या मरणाला देखणं करणं त्याने नाकारलं, आणि हा नकारही दृश्याची उत्तम जाण असलेल्या माणसालाच जमतो.