कप्पीची कैफियत

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या शेवटच्या एकदोन वर्षांत, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे शिक्षण शाळेतच घेण्याची जी सोय आहे, तिला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, किंवा विद्यार्थ्यांच्या बोलण्यात नुसते ‘एपी’, असे म्हणतात. १९५५ पासून कॉलेज बोर्ड या संस्थेच्या देखरेखीखाली चालत आलेल्या या योजनेत ‘फिजिक्स सी : मेकॅनिक्स’ हा विषय कलनशास्त्राच्या आधाराने शिकवला जातो आणि कठीण विषयांत त्याची गणना होते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर न्यू जर्सीतील नातलगांकडे माझा दीर्घ मुक्काम पडला, तेव्हा तेथील एका सरकारी शाळेच्या अशा वर्गात, शिक्षिकेच्या सौजन्याने, मागच्या बाकावर बसण्याची मुभा मला मिळाली. या विषयाचे काठिण्य नेमके कशात आहे, याचा उलगडा मला त्या वर्गात झाला. आणि तो या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा तपशील लिहीत आहे.

अभ्यासक्रमाची सात प्रकरणे पाहिली तर त्यांत आपल्याकडील विद्यार्थ्यास अपरिचित असे फारसे काही नाही : गती, बल, कार्य व ऊर्जा, संवेग, बलाघूर्ण, परिवलनाची ऊर्जा व संवेग, आणि शेवटी आंदोलने. परीक्षेत सूत्रांचा तक्ता हाती दिला जातो आणि गणकयंत्र वापरण्यासही हरकत नसते. जेथे पाठांतराची गरज नाही आणि आकडेमोडीचा शीणही नाही, तेथे हुशार मुले इतकी का अडखळतात, हा प्रश्न प्रथम माझ्यापुढे उभा राहिला; त्याचे उत्तर भिंतीलगतच्या एका कप्पीने दिले.

केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवूड यांनी १७८४ साली आपल्या ग्रंथात वर्णिलेले हे उपकरण अगदी साधे आहे : कप्पीवरून गेलेली दोरी आणि तिच्या दोन टोकांस दोन वजने. एका बाजूस २०० ग्रॅम व दुसरीस २२० ग्रॅम लावून, जड वजन तळहातावर अलगद तोलून धरीत शिक्षिकेने विचारले, की हात काढून घेतला तर दोरीतील ताण वाढेल, घटेल, की तेवढाच राहील? त्वरणाचे सूत्र बहुतेकांना ठाऊक होते आणि ०.४७ हा आकडा कोणीतरी तत्काळ सांगितलाही. परंतु ताणाविषयी वर्गाची मते विभागली आणि ‘घटेल’ म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा निघाला, कारण जड वजन खाली निघाले म्हणजे दोरी सैल पडणार, असे मनास सहज वाटते. अखेरीस एका मुलीने हलक्या वजनाकडे लक्ष वेधले : ते स्थिर होते तोवर ताण त्याच्या भाराइतका, म्हणजे १.९६ न्यूटन, होता. आता ते वरच्या दिशेने त्वरण पावत आहे, म्हणून ताण त्या भाराहून अधिक असलाच पाहिजे. हिशेब केल्यावर २.०५ न्यूटन आले. पण दोन वाक्यांची तिची कैफियत पुरी झाली तेव्हाच प्रश्न सुटलेला होता, आकडा केवळ त्याची साक्ष देण्यास आला.

वर्षभर हाच शिरस्ता राहिला. वस्तूच्या जागी एक ठिपका काढावा, तिच्यावर कार्य करणारे प्रत्येक बल त्या ठिपक्यातून निघणाऱ्या स्वतंत्र बाणाने दाखवावे, बलाचे घटक त्या आकृतीत मिसळू नयेत, आणि ते बल कोणत्या वस्तूने लावले हे सांगता येत नसेल तर बाण काढूच नये, असा दंडक असे. या आकृतीला मुले ‘फ्री-बॉडी डायग्राम’ म्हणतात. ‘ऊर्जा अक्षय्य राहते’ असे लिहिणाऱ्यास, कोणत्या संहतीची, आणि घर्षणाने तिच्यातून काही नेले नाही हे कशावरून, असा प्रतिप्रश्न ठेवलेलाच. सिद्धता पाठ करून ती सुवाच्य अक्षरात उतरवण्याची तालीम आमच्या पिढीने पुष्कळ केली. परंतु नियम लावण्यापूर्वी तो येथे लागू का पडतो याचा जबाब लिहून देण्याची ही तालीम निराळी आहे, आणि मराठी घरांतून आलेली, गणितात तरबेज असलेली मुलेही पहिल्या सहामाहीत येथेच थबकलेली मी पाहिली.

हिवाळ्यात परिवलनाचे प्रकरण सुरू झाले तेव्हा तीच कप्पी पुन्हा टेबलावर आली, या वेळी मुद्दाम १०० ग्रॅमच्या भरीव धातूच्या चकतीची. मोजलेले त्वरण सूत्रापेक्षा कमी भरले. मुलांनी ‘घर्षण’ आणि ‘मानवी चूक’ अशी दोन कारणे पुढे केली; त्यांतले दुसरे शिक्षिकेने दाखल करून घेण्यासच नकार दिला आणि पहिल्यास पुरावा मागितला. मग एकूण वस्तुमान ४२० ग्रॅमच राहील अशा बेताने लहान चकत्या एका बाजूकडून दुसरीकडे हलवीत, वजनांतील फरक बदलून, प्रत्येक वेळी त्वरण मोजले गेले आणि फरक आडव्या अक्षावर व त्वरण उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला गेला. बिंदू एका सरळ रेषेत आले. परंतु रेषेचा चढ अपेक्षेहून कमी होता, आणि ती आरंभबिंदूतून न जाता त्याच्या किंचित उजवीकडून गेली. या दोन विचलनांचे अर्थ भिन्न आहेत, हे ज्या क्षणी वर्गाच्या ध्यानात आले तो त्या वर्षातला सर्वोत्तम क्षण मी मानतो : चढ घटला तो कप्पीला स्वतःला फिरवण्यासाठी लागणाऱ्या जडत्वामुळे, कारण भरीव चकतीच्या निम्म्या वस्तुमानाची, म्हणजे ५० ग्रॅमची, भर एकूण वस्तुमानात पडते, आणि रेषा सरकली ती आसावरील घर्षणामुळे, ज्यावर मात होईपर्यंत वजने हलतच नाहीत. एकाच दोरीच्या दोन बाजूंचे ताण आता समान उरत नाहीत, ही गोष्टही तेथेच सिद्ध झाली, आणि शरद ऋतूत ‘कप्पी वस्तुमानरहित समजा’ असे जे गृहीत मुकाट्याने मान्य केले होते, त्याची किंमत मुलांना प्रथमच कळली.

या साऱ्यास वेळ लागतो. अध्यापनाचा निदान चौथा हिस्सा प्रयोगांना द्यावा अशी अपेक्षाच आहे, आणि कलनशास्त्र त्याच वर्षी शिकत असलेल्या मुलांना तेथील धडा येण्यापूर्वीच येथे समाकलन वापरावे लागते. मे महिन्यातील परीक्षा तीन तासांची असते : ८० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न आणि १०० मिनिटांत चार दीर्घ प्रश्न, दीर्घ प्रश्नांपैकी एक प्रयोगाची आखणी व विश्लेषण यांना वाहिलेला, तर दुसऱ्यात आधी शब्दांत तर्क मांडून मग तो समीकरणाशी जुळतो की नाही हे दाखवावयाचे. १ ते ५ या श्रेणींतील गुणांवर महाविद्यालये आपापल्या नियमांनुसार सवलत देतात, आणि पालकांची नजर बहुधा त्या सवलतीवर असते.

ती इच्छा गैर नाही. तथापि ज्याला हा विषय घ्यावयाचा आहे त्याने आधीची सुटी सूत्रे घोकण्यात घालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोणतेही सोडवलेले उदाहरण घ्यावे, त्यातील आकडे झाकावेत, आणि प्रत्येक पायरी कोणत्या नियमाने व कोणत्या गृहीतावर उभी आहे हे आपल्या भाषेत, पूर्ण वाक्यांत, लिहून काढावे. मग त्यांतले एक गृहीत काढून घेतले तर उत्तर वाढेल की घटेल, हे गणित न करता ठरवावे. हे ज्याला जमू लागले त्याला या अभ्यासक्रमाचे भय बाळगण्याचे कारण नाही, आणि ज्याला ते अद्याप जमत नाही त्याच्यासाठीच हा अभ्यासक्रम आहे.