परसबागेतील वेलभाज्या : लेखांक ५ – तांबडा भोपळा

तांबडा भोपळा, अर्थात डांगर, मूळचा अमेरिका खंडातला; पण महाराष्ट्रात तो इतका रुळला आहे की घारगे, भरीत, रायते यांच्याशिवाय घरच्या स्वयंपाकाची कल्पना करणे कठीण. लागवड दोन हंगामांत होते : जून-जुलैत पावसाळी आणि जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी. वेल 5-6 मीटर सहज धावतो, म्हणून त्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशी कुंपणाकडची मोकळी जागा द्यावी.

दीड फूट रुंद, तितकाच खोल खड्डा घेऊन त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात आळ्याऐवजी मातीचा उंचवटा करावा, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. तीन-चार बिया 2-3 सेंमी खोल टोचाव्यात. साधारण आठवड्यात त्या उगवतात. खरी पाने फुटली की दोन जोमदार रोपे ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. याच कोवळ्या वयात तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचणे हाच घरगुती बागेतला सर्वांत भरवशाचा उपाय.

भोपळ्याचे खरे गणित फुलांत आहे. एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. आधी लांब, बारीक देठाची नर फुले येतात आणि काही दिवस फक्त तीच उमलून गळतात. हा रोग नव्हे, वेलाची रीतच आहे. मादी फूल पाकळ्यांखालच्या इवल्या भोपळ्यावरून लगेच ओळखता येते. दोन्ही फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. मधमाश्यांना तेवढाच वेळ मिळतो. शहरातल्या गच्चीवर मधमाश्या कमी असतात किंवा पावसाची झड लागलेली असते, तेव्हा इवला भोपळा पिवळा पडून गळतो. लोक कीड समजून औषध फवारतात आणि उरल्यासुरल्या मधमाश्याही घालवतात. त्यापेक्षा सकाळी लवकर ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातले पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरवावेत. काम अर्ध्या मिनिटाचे आहे. उरलेल्या नर फुलांची भजी करावीत, मात्र रोज दोन-चार फुले वेलावर राहू द्यावीत.

नत्र जास्त झाले तर पाने माजतात आणि फळे रोडावतात, म्हणून युरियाचा मोह टाळलेला बरा. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. फळ धरताच त्यावर कागदी पिशवी बांधावी आणि किडलेली फळे बागेत पडू देऊ नयेत. पानांवर पांढरी भुरी दिसू लागली तर ती पाने काढून वेलात हवा खेळती ठेवावी. फळ जमिनीवर टेकत असेल तर खाली वाळके गवत घालावे. मांडवावर चढवलेल्या वेलाच्या फळाला मात्र झोळी बांधावी लागते.

देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासे झाले की फळ तयार झाले. दोन-तीन इंच देठ ठेवूनच ते कापावे, कारण देठ तुटलेल्या जागेतून कूज शिरते. कोरड्या, हवेशीर जागी असा भोपळा काही महिने टिकतो. बी राखायचे असेल तर दोन्ही फुले आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून, सकाळी हाताने परागीभवन करून, मादी फूल पुन्हा बांधावे. मग दुसऱ्या जातीच्या भोपळ्याचे पराग त्यात मिसळत नाहीत. अशा पूर्ण पिकलेल्या फळातील बिया धुऊन सावलीत वाळवल्या की पुढच्या हंगामासाठी तयार होतात.