कुटुंबाची बाग आणि दारूचा पेला

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची बरीच चिरफाड केली. आज तोच शब्द घेऊन एका हलक्याफुलक्या ठिकाणी जाऊ. सहकुटुंब जायच्या करमणुकीच्या बागा असतात ना, ज्यांना आता सगळेच थीम पार्क म्हणतात, तिथे दारू मिळावी की मिळू नये? विषय किरकोळ वाटेल. पण दारू चांगली की वाईट, हे आज आपण ठरवणार नाही. आपल्याला पाहायचंय ते असं, की एखादी जागा ‘कुटुंबासाठी’ आहे असं म्हटल्यावर त्यातून काय बंधन येतं, आणि ते कोणावर येतं?

सुरुवात डिस्नीलँडपासून करू. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे ते उघडलं. आत दारू नाही, साधी बिअरसुद्धा नाही, हा नियम वॉल्ट डिस्नी यांनी पहिल्यापासून ठेवला. आता हे गृहस्थ स्वतः घेत नव्हते असं मुळीच नाही. दिवसाचं काम संपल्यावर स्कॉच घेणं हा त्यांचा शिरस्ताच होता. तेव्हा हा नियम काही सोवळेपणातून आलेला नव्हता. दारू ठेवली की दंगेखोर मंडळी येतात, आणि इथे आलेल्या माणसाला तिची गरज पडण्याचं कारणही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण गंमत बघा. डिस्नी ज्या बागांकडून शिकले त्यांतली एक म्हणजे कोपनहेगनची टिवोली. ती १८४३ सालची, आणि १९५१ मध्ये ते ती पाहून आले होते. त्या टिवोलीत बिअर आणि वाइन राजरोस मिळते, आणि शेजारच्या पाळण्यांत मुलंही खेळत असतात. तिसरं उदाहरण फ्लोरिडातलं. टॅम्पा इथलं बुश गार्डन्स १९५९ मध्ये सुरू झालं, तेच एका बिअर कंपनीच्या कारखान्याला जोडून. तिथे मोठ्या माणसांना बरीच वर्षं बिअरचा पेला फुकट मिळायचा! म्हणजे तिन्ही बागा कुटुंबाच्या, आणि तिघींची धोरणं तीन तऱ्हांची. एवढ्यावरूनच एक गोष्ट कळते: ‘कुटुंब’ म्हटलं की दारूबंदी आपोआप आली, असं काही तर्काने सिद्ध होत नाही. कारण वेगळं द्यावं लागतं.

ते कारण शोधायला आपण जॉन स्टुअर्ट मिल यांच्याकडे जाऊ. १८५९ साली आलेल्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या दारूबंदी कायद्याचा समाचार घेतला आहे. तेव्हाचे दारूबंदीवाले म्हणत, की दारूच्या व्यापारामुळे आमच्या सामाजिक हक्कांवर घाला पडतो. मिल यांचं उत्तर असं, की हक्काची कल्पना इतकी ताणली तर कोणाचंच कुठलंच स्वातंत्र्य शिल्लक राहणार नाही. हे आम्हांला पटतं. पण ते सरकारी कायद्याबद्दल आहे. कायदा सबंध मुलखाला लागू होतो, त्यातून माणसाला सहज बाहेर पडता येत नाही. बागेचा नियम एका फाटकापुरता आणि एका दिवसापुरता असतो. संध्याकाळी बाहेर पडलात की तुम्ही मोकळे. म्हणून सरकारी दारूबंदीला विरोध करणारा माणूस बागेतल्या दारूबंदीच्या बाजूने उभा राहिला, तर त्यात विसंगती नाही.

मिल यांच्या त्याच पुस्तकात आणखी एक मुद्दा आहे, आणि आजच्या आपल्या कामाचा तो आहे. नुसता प्यायला म्हणून कोणाला शिक्षा होऊ नये, पण शिपाई किंवा पोलीस कामावर असताना प्यायला तर व्हावी, असं ते म्हणतात. म्हणजे पेला तोच, माणूसही तोच. फरक पडतो तो त्याने अंगावर घेतलेल्या जबाबदारीने. आता आम्ही विचारतो: पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून गर्दीत उभे असलेले आईबाप ‘कामावर’ असतात की नाही? आमच्या मते असतात. मूल हरवेल, पाण्याकडे धावेल, पाळण्यावरून उतरताना घाबरेल. आणि संध्याकाळी ते झोपी गेल्यावर बरेचदा गाडी यांनाच चालवायची असते. जबाबदारी सुटत नाही, ती फक्त सुट्टीचे कपडे घालून येते.

मग प्रत्येक पेला वर्ज्य मानायचा का? इथे पॅरिसची गोष्ट ऐका. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळ डिस्नीची बाग उघडली, आणि अमेरिकेतला नियम जसाच्या तसा तिकडे नेला. फ्रेंच लोक चक्रावले. दुपारच्या जेवणाबरोबर वाइनचा एखादा पेला म्हणजे त्यांच्याकडे जेवणाचाच भाग, आपल्याकडे ताटात ताक असावं तसा. मुलं समोर बसलेली असतात आणि आजोबा पेला घेतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. १९९३ मध्ये कंपनीने माघार घेतली, आणि बागेत वाइन आणि बिअर मिळू लागली. म्हणून काही ती बाग कुटुंबाची राहिली नाही असं झालं नाही. म्हणजे पेल्याचा अर्थ नुसता पेल्यात नसतो, तो समाजाच्या रिवाजात असतो.

मात्र ‘रिवाज आहे’ एवढं म्हणून सुटकाही होत नाही. फ्लोरिडात १९८२ मध्ये एपकॉट ही डिस्नीची दुसरी बाग उघडली. तिच्या एका भागात तळ्याभोवती वेगवेगळ्या देशांचे मंडप आहेत. जर्मनीच्या मंडपात बिअर, फ्रान्सच्या मंडपात वाइन. आता देश दाखवायचा तर त्याचं खाणंपिणं आलंच, हे मान्य. पण पुढे काही टोळक्यांनी त्याचा खेळच केला: दर मंडपात एक पेला, अशी जगाची प्रदक्षिणा. इथे पेला जेवणाच्या सोबतीला उरला नाही, तोच पाळणा झाला! दोन्हीकडे पिणारी माणसं मोठीच, कायदाही मोडलेला नाही. तरी फरक आहे, आणि शेजारून जाणाऱ्या मुलालाही तो कळतो.

आता जरा आपल्याकडे बघू. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवाना आणला आणि त्यातून ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत कायमचा रुळला. हायवेवरच्या हॉटेलाची पाटी आठवा: एकीकडे ‘परमिट रूम’, दुसरीकडे ‘फॅमिली रूम स्वतंत्र’. आपण हा प्रश्न भिंत घालून सोडवला. सोय झाली खरी. पण त्या पाटीने कळत नकळत एक गोष्ट ठरवून टाकली: बाप भिंतीच्या एका बाजूला आणि कुटुंब दुसऱ्या. पिणं हे कुटुंबातून उठून जाऊन करायचं काम झालं. पॅरिसच्या आजोबांचा पेला कुटुंबाच्या नजरेसमोर असतो म्हणून एकावर थांबतो. भिंतीपलीकडचा पेला कोण मोजणार?

डिस्नीलँडमध्येही एक भिंत होतीच. १९६७ मध्ये, वॉल्ट डिस्नी गेल्यानंतर काही महिन्यांनी, तिथे ‘क्लब ३३’ सुरू झाला. तो फक्त सभासदांसाठी, आणि सभासदत्व भरभक्कम पैसे मोजून. तिथे दारू मिळे. आम्हांला दारूपेक्षा हा अपवाद जास्त खटकतो. नियमाचं कारण ‘मुलांचं वातावरण’ असेल, तर ते श्रीमंताच्या पेल्यालाही लागू व्हायला हवं. आणि श्रीमंताचा पेला वातावरण बिघडवत नसेल, तर सामान्य माणसाचाच का बिघडवतो? पुढे २०१९ मध्ये तिथल्या ‘ओगाज कँटिना’त सर्वांना दारू मिळू लागली, पण पेला बाहेर न्यायचा नाही या अटीवर. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये त्याआधीच, २०१२ मध्ये, एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन आणि बिअर सुरू झाली होती.

आता शेवटचा आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. या सगळ्या वादात पेला मागणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, कारण तो गिऱ्हाईक असतो. न मागणारे दोघे मात्र गप्प असतात. एक, ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे. आणि दुसरं, दारूच्या घरातलं मूल. संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की बाबा आज कसे आलेत हे ओळखायला जे मूल शिकलंय, त्याला वर्षातला एक दिवस कान न टवकारता घालवता आला, तर ती केवढी मोठी गोष्ट! ते मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नाही. ज्याला पेला हवा त्याला तो शहरात शंभर ठिकाणी मिळतो. ज्याला पेल्याविना जागा हवी त्याला अशा जागा किती? आमचा तराजू या मुलाच्या बाजूने झुकतो तो एवढ्यासाठी.

म्हणून सरसकट दारूबंदी हवी, असं आमचं म्हणणं नाही. कोणतंही धोरण आलं की आपण चार गोष्टी विचाराव्यात. पेला बसून, जेवणाबरोबर आहे, की हातात घेऊन रांगांतून हिंडायचा आहे? नियम सर्वांना सारखा आहे, की पैसेवाल्यांसाठी मागचं दार आहे? आत काय मिळतं हे तिकीट काढण्याआधी स्पष्ट सांगितलं आहे का? आणि बागेचा मोठा भाग असा राहतो का, जिथे त्या मुलाला बाटली दिसणारच नाही? चारही उत्तरं नीट आली, तर टेबलावरच्या एका पेल्याला आमची हरकत नाही. एकही चुकलं, तर फाटकावरची ‘कुटुंबासाठी’ ही पाटी उतरवलेली बरी.

आमचं बोलणं इथे थांबवतो. तुम्हांला यातलं काय पटलं नाही, ते आता मोकळेपणाने विचारा.