संपर्क तुटला तरी नोंद टिकली पाहिजे

शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतःच मोबाईलवरून करावी, या हेतूने ई-पीक पाहणी हा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. पीककर्ज, विमा वा नुकसानभरपाई यांसाठी ही नोंद उपयोगी पडते. परंतु अशा कोणत्याही ॲपची खरी कसोटी कार्यालयात नव्हे, तर डोंगराआडच्या शिवारात लागते. तेथे संपर्क मध्येच तुटला तर भरलेल्या माहितीचे काय होते, हे आधीच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

संपर्क तुटण्याचे प्रकार अनेक. तो पूर्णपणे जातो, ही स्थिती फोनचा विमान मोड लावून सहज निर्माण करता येते. कधी वाय-फायची खूण दिसते, पण त्यामागे इंटरनेट नसते. यासाठी राउटर चालू ठेवून त्याला बाहेरून येणारी केबल काढतात. कधी संपर्क केवळ मंद असतो. हे सर्व प्रसंग स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

सर्वांत फसवा प्रसंग निराळाच आहे. नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचते, परंतु तिची पोच परत येण्यापूर्वी संपर्क तुटतो. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि एकाच्या दोन नोंदी होतात. पोच न आल्यास थोडे थांबून पुन्हा पाठवण्याची रीत १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या ‘अलोहानेट’ या बिनतारी जाळ्यातही होती. दुबार नोंदीवरील उपाय आपल्या आवक-जावक नोंदवहीसारखाच आहे. प्रत्येक नोंदीस फोनवरच स्वतंत्र क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता केवळ पोच द्यावी.

ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनाही प्रशिक्षणाच्या वेळी ही परीक्षा घेता येईल. मात्र खऱ्या अभिलेखात चाचणीच्या नोंदी करू नयेत. त्यासाठी दिलेली स्वतंत्र व्यवस्थाच वापरावी. विमान मोड लावून माहिती भरावी, ॲप बंद करून पुन्हा उघडावे. माहिती शिल्लक आहे काय? ‘पाठवणे बाकी’ असे स्पष्ट मराठीत दिसते काय? संपर्क जोडल्यावर नोंद एकदाच पोहोचते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तरच ते ॲप गावात न्यावे. कारण नोंद हरवली, तर ती केल्याचा पुरावा शेतकऱ्याने कोठून आणावा?