ताणावर सोडलेली बाग

वैशाखाच्या उन्हात काटोलच्या परिसरातील संत्र्यांच्या बागा मुद्दाम पाण्यावाचून ठेवलेल्या पाहून परप्रांतीय प्रवाशाला मालकाच्या हेळसांडीचा संशय आला, तर तो अन्यायाचा असला तरी अस्वाभाविक नव्हे. मृग बहर धरावयाचा तर पावसापूर्वी, आणि आंबिया बहर धरावयाचा तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, बाग ताणावर सोडलीच पाहिजे, हे येथील बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या जाणतात; पाने मलूल होऊन काही गळू लागली, की ताण पुरेसा बसला असे समजून ते ओलीत सुरू करतात. झाडाच्या पेशीपेशीत या तहानेची वर्दी कोण देतो आणि तिची अंमलबजावणी कोण करतो, या प्रश्नाचे जे उत्तर जीवरसायनशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत जुळवीत आणले, ते मला या शास्त्रातील अत्यंत रमणीय प्रकरणांपैकी एक वाटते.

पेशीचा कारभार बव्हंशी शिक्क्यांवर चालतो. 1955-56 च्या सुमारास अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी स्नायूंतील एका विकराचा अभ्यास करताना असे पाहिले, की त्याला फॉस्फेटचा कण जोडला म्हणजे तो कार्यप्रवण होतो आणि तो कण काढून घेतला म्हणजे पुन्हा निद्रिस्त होतो. शिक्का मारणारी ती कायनेज आणि पुसणारी ती फॉस्फटेज प्रथिने. एकट्या मानवी शरीरात कायनेजांचे कूळ पाचशेहून अधिक सभासदांचे आहे. या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले ते 1992 साली.

वनस्पतीच्या तहानेची वर्दी अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक देते. 1963 साली कॅलिफोर्नियात ते वेगळे काढले गेले ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून, ही गोष्ट बोंडगळीने गांजलेल्या आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याला विशेष जवळची वाटावी. परंतु पेशीत त्याची वर्दी घेतो कोण, हे ठरावयास 2009 साल उजाडले. शॉन कटलर आणि एर्विन ग्रिल यांच्या प्रयोगशाळांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या तणात ग्राहक-प्रथिनांचे एक 14 जणांचे कूळ स्वतंत्रपणे शोधून काढले. येथील रचना मोठी मार्मिक आहे. पाणी मुबलक असते तेव्हा एक फॉस्फटेज एका कायनेजवरील शिक्का सतत पुसून तिला जखडून ठेवते. तहान लागली म्हणजे संप्रेरकाला पोटात घेतलेला ग्राहक त्या फॉस्फटेजलाच अडकवितो, मोकळी झालेली कायनेज पानांच्या रक्षकपेशींतील क्षारमार्गावर शिक्का मारते, क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी निघते आणि पर्णरंध्रे मिटतात. म्हणजे येथे नवा हुकूम काढला जात नाही, जुनी जप्ती उठविली जाते. पेशीच्या कारभाराचे सारे मर्म मला याच युक्तीत दिसते.

शिक्का मारला, तरी तो वाचणाराही हवाच. 1967 साली बैलाच्या मेंदूतून एक प्रथिनकूळ निराळे केले गेले, आणि पृथक्करणातील 14 वा अंश व पुढील चाचणीतील 3.3 हे स्थान यांवरून त्याला चौदा-तीन-तीन असे रुक्ष नाव पडले. ते अद्याप कायम आहे. फॉस्फेटचा शिक्का ओळखून त्या प्रथिनाला बिलगणे, हे या कुळाचे मुख्य काम. 1930 च्या दशकात मिखाईल चैलाख्यान यांनी पानांत निर्माण होऊन शेंड्याकडे जाणाऱ्या पुष्पप्रेरक द्रव्याची कल्पना मांडली होती. ते द्रव्य म्हणजे एफटी नावाचे प्रथिन होय, आणि 2011 साली जपानी संशोधकांनी भाताच्या पेशींत दाखविले, की तेथील या प्रथिनाचे स्वागत चौदा-तीन-तीनच करते आणि त्याला केंद्रकातील शिक्काधारी सहकाऱ्याशी जोडून देते. लिंबूवर्गीय झाडांत थंडी आणि पाण्याचा ताण या दोहोंनीही एफटीचे जनुक अधिक जागृत होते. आंबिया आणि मृग या दोन बहरांचे नाते मला येथे दिसते.

ताण अति झाला तर फांद्या सुकतात, अपुरा राहिला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. म्हणूनच बागाईतदार रोज सकाळी पान हातात धरून पाहतो. मग एके दिवशी तो पहिले हलके ओलीत देतो. संप्रेरक ओसरू लागते, फॉस्फटेज सुटतात, कायनेजवरचे शिक्के पुसले जातात, मिटलेली रंध्रे उघडतात, आणि पुढील काही आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून पांढऱ्या कळ्या डोकावू लागतात.