चहाच्या मळ्यांची ग्रुप टूर ठरतेय? पैसे भरण्याआधी विचारा हे प्रश्न

एप्रिल उजाडला की जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलींची पत्रके फिरू लागतात. 'मुन्नार-ठेकडी ६ दिवस', 'उटी-कुन्नूर-म्हैसूर', 'दार्जिलिंग-गंगटोक'. फोटो सगळीकडे तेच: हिरवेगार मळे, त्यांतून वळत जाणारा रस्ता आणि धुके. भिशीचा गट, निवृत्त शिक्षकांचे मंडळ, कॉलनीतली सात-आठ कुटुंबे, कोणी ना कोणी यादी करायला घेतोच.

पत्रकात हॉटेल, जेवण आणि 'साइट सीइंग'ची यादी असते. गाडी कोणती, चालक किती, घाट किती वाजता चढायचा, हे बहुतेक वेळा नसते. डोंगरातल्या सहलीत खरी किंमत याच गोष्टींची असते.

खान्देशाला हे वेगळे सांगायला नको. २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळमध्ये पोखराहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली. २७ जणांचा जीव गेला. त्यांतले बहुतेक जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ परिसरातले होते. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणावे लागले. ती सहल चहाच्या मळ्यांची नव्हती. पण स्वरूप तेच होते: ओळखीच्या माणसांचा गट, अनोळखी डोंगररस्ता आणि परप्रांतातली भाड्याची बस.

मळे डोंगरउतारावरच का असतात?

केळीला सपाट जमीन आणि ठिबक चालते. चहाला भरपूर पाऊस लागतो, पण मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. म्हणून तो उतारावर लावतात. जळगावात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, चहाच्या पट्ट्यात त्याच्या कित्येक पट.

म्हणजे जे चहाला हवे, तेच रस्त्याला नको: तीव्र उतार, धो धो पाऊस, ओली माती, धुके. ६ ऑगस्ट २०२०च्या रात्री मुन्नारजवळच्या पेट्टिमुडीत मळा कामगारांच्या वसाहतीवर दरड कोसळून ७० जणांचा बळी गेला. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमधल्या मुंडक्कई-चूरलमला या मळ्यांच्या भागात भूस्खलनाने दोनशेहून अधिक लोक गेले. दोन्ही घटना ऐन पावसाळ्यातल्या. ऑफ सीझनचे स्वस्त पॅकेज स्वस्त का आहे, हे यावरून समजावे.

मग जायचे कधी?

मुन्नार (उंची सुमारे १,६०० मीटर): जून ते सप्टेंबर टाळा. इरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असते. त्या काळातल्या पॅकेजमध्ये हे नाव दिसले तर आधी विचारा. नीलकुरिंजीची निळी फुले दाखवू असे कोणी म्हणाले तर हिशेब लक्षात ठेवा: हा बहर १२ वर्षांनी येतो, मागचा २०१८मध्ये होता, पुढचा २०३०मध्ये.

उटी-कुन्नूर (उटीची उंची सुमारे २,२४० मीटर): इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास गल्लत होते. दसरा झाला, पाऊस संपला असे आपण धरतो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. नेमक्या दिवाळीच्या सुट्टीत कुन्नूरच्या घाटात दरडी येतात आणि डोंगरी रेल्वे अनेकदा बंद ठेवावी लागते.

दार्जिलिंग (सुमारे २,००० मीटर): दिवाळीनंतरचे दिवस इथे उत्तम. आकाश निवळते, कांचनजंगा दिसते. पण डिसेंबर ते फेब्रुवारी झाडे सुप्त असतात, खुडणी थांबते. चहा बनताना पाहायचा असेल तर मार्च-एप्रिलची पहिली खुडणी किंवा मे-जूनची दुसरी खुडणी गाठा. मात्र जून जसा पुढे सरकतो तसा तिथेही पावसाचा जोर वाढतो.

जळगावहून थेट बसने जावे का?

जळगाव ते मुन्नार रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. बसमध्ये दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी घाट चढायचा, तोही त्याच थकलेल्या चालकाच्या भरवशावर. ज्येष्ठ नागरिकांच्या गटाने हा पर्याय टाळलेलाच बरा.

रेल्वेची सोय आपल्या दारात आहे. निजामुद्दीन-एर्नाकुलम मंगला एक्स्प्रेस भुसावळ, जळगावमार्गे कोकणातून केरळात जाते. एर्नाकुलमहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे चार ते पाच तास. दार्जिलिंगसाठी मुंबईहून न्यू जलपाईगुडीमार्गे गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्या भुसावळला मिळतात. पुढचा सुमारे ७० किलोमीटरचा चढ स्थानिक जीपने करायचा. लांबचा पल्ला रेल्वेने आणि घाट स्थानिक गाडी, स्थानिक चालकासोबत, ही विभागणी सगळ्यांत सुरक्षित. रोज त्याच वळणांवर गाडी हाकणाऱ्याला दरड कुठे येते आणि धुके कधी उतरते, हे ठाऊक असते.

घाट उतरताना नेमके काय होते?

थोडे गणित करू. १० टन वजनाची भरलेली बस उटीहून मेट्टुपालयमला उतरते, म्हणजे उंचीत सुमारे १,९०० मीटर खाली येते. एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ५० युनिट विजेइतकी भरते. ही ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. चालकाने खालचा गिअर ठेवला तर तिचा मोठा वाटा इंजिन रोखून धरते. त्याने फक्त ब्रेकवर पाय ठेवला तर जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटत जाते. 'ब्रेक फेल झाला' असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा तो आधी तापलेला असतो.

म्हणून प्रवाशांनी तीन खुणा ओळखाव्यात. उतारावर इंजिनाचा आवाज चढा असेल तर घाबरू नका, गाडी खालच्या गिअरमध्ये आहे. उलट उतारावर गाडी आवाज न करता सुसाट पळत असेल तर चालकाला टोका. आणि रबर जळाल्यासारखा वास आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवायला सांगा, ब्रेक निवू द्या. 'दादा, पाच मिनिटं थांबू' असे म्हणायला लाजू नका.

पत्रकातला कार्यक्रम खरा आहे, हे कसे ओळखायचे?

कार्यक्रमातल्या वेळा मोबाइलच्या नकाशावर ताडून पाहा. काही ठिकाणी तर नियमच कार्यक्रम खोटा पाडतात.

पहिले उदाहरण: 'म्हैसूरला रात्रीचे जेवण करून उटीकडे प्रयाण.' बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणारा हा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ खासगी वाहतुकीला बंद असतो. ही बस एकतर जंगलाच्या नाक्यावर रात्र काढेल, नाहीतर लांबचा फेरा मारेल.

दुसरे: उटी आणि कोडाइकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४पासून बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो. २०२५च्या उन्हाळी हंगामात नीलगिरीसाठी रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली. पास ऑनलाइन आणि मोफत मिळतो. 'ई-पासचे वेगळे पैसे' कोणी मागितले तर कारण विचारा. निघण्याआधी पासची प्रत गटाच्या ग्रुपवर मागवून घ्या. नीलगिरीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे. त्यात पाण्याच्या छोट्या बाटल्याही येतात, त्यामुळे स्टीलची बाटली सोबत ठेवा.

तिसरे: एका दिवसात सात-आठ ठिकाणे. घाटात ताशी २५-३० किलोमीटर हाच सरासरी वेग. १०० किलोमीटर म्हणजे चार तास बसमध्ये. दिवसाला दोन-तीन ठिकाणे पुरतात.

गाडी आणि चालकाबद्दल काय तपासायचे?

गाडीचा क्रमांक आधी मागा आणि एम-परिवहन अॅपवर टाका. फिटनेस, विमा आणि परमिटची मुदत फोनवरच दिसते. नंबरप्लेट पिवळी असावी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने वापरणे नियमबाह्य आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो.

चालकाच्या कामाचा दिवस साधारण ८ तासांचा धरलेला आहे. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाने सकाळी घाट चढवणे म्हणजे ४० जणांचा जीव टांगणीला लावणे. लांबच्या पल्ल्याला दोन चालक हवेत आणि दुसऱ्याला झोपायला जागा हवी.

खान्देशी गटांची आणखी एक आवड म्हणजे सोबत आचारी. परमुलखात शेवभाजी आणि भाकरी मिळाली की प्रवास सोपा होतो, हे खरेच. पण त्यासाठी सिलिंडर प्रवासी गाडीत नको. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून ९ जण मरण पावले. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघर मिळेल का, ते आधीच ठरवा. डब्यात ठेचा आणि दशम्या आहेतच.

मळ्यात गेल्यावर काय पाहायचे?

चहाचे झाड मोकळे सोडले तर चांगले उंच वाढते. सतत खुडून आणि छाटून ते कमरेएवढे ठेवतात, म्हणून मळा गालिच्यासारखा दिसतो. चांगल्या चहासाठी दोन पाने आणि एक कळी खुडतात. फोटोसाठी परवानगीशिवाय आत शिरू नका. मळा कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि तिथे फवारणीही झालेली असू शकते.

मुन्नारच्या मळ्यांमागे माणसांची गोष्टही आहे. २००५मध्ये टाटा टीने इथले बहुतेक मळे सोडले, तेव्हा कामगारांना भागीदार करून कण्णन देवन हिल्स प्लांटेशन्स ही कंपनी उभी राहिली. त्याच मळ्यांतल्या हजारो महिला सप्टेंबर २०१५मध्ये बोनससाठी रस्त्यावर बसल्या. प्रस्थापित संघटनांना बाजूला ठेवून त्यांनी मुन्नार थांबवले. पेट्टिमुडीत गाडले गेलेले लोकही मळ्यातलेच. कंपनीचे चहा संग्रहालय मुन्नारमध्येच आहे, ते सोमवारी बंद असते.

खरेदी करताना एवढे लक्षात ठेवा. आपल्या घरी उकळतो तो दाणेदार सीटीसी चहा. दार्जिलिंगचा चहा अख्ख्या पानांचा, ऑर्थोडॉक्स पद्धतीचा. भारतात भौगोलिक मानांकन सर्वांत आधी यालाच मिळाले. पाकिटावर त्याचे बोधचिन्ह पाहा, रस्त्यालगतच्या सुट्या 'दार्जिलिंग'वर भरवसा ठेवू नका. घरी आणल्यावर तो आले-दूध घालून उकळू नका. पाणी उकळून उतरवा, पाने टाकून तीन मिनिटे झाका, गाळा आणि तसाच प्या.

पैसे बुडाले, कबूल केलेले मिळाले नाही, तर?

ठरलेले हॉटेल बदलले, ठिकाणे गाळली, सहल रद्द करून पैसे अडकवले, तर ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आयोजक पुण्या-मुंबईचा असला तरी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते. सल्ल्यासाठी हेल्पलाइन १९१५.

पण पुरावा हवा. रोख देऊन पावती न घेणे आणि सगळे बोलण्यावर ठेवणे, इथेच प्रकरण ढिले पडते. आयोजक ओळखीचा आहे, नात्यातला आहे, म्हणून कागद मागायला संकोच वाटतो. तो वाटू देऊ नका.

स्क्रीनशॉट काढून ठेवा: पैसे भरण्याआधीचे ८ प्रश्न

१. गाडीचा क्रमांक, परमिट आणि विमा कुठला?
२. चालक किती? घाटासाठी स्थानिक चालक आहे का?
३. कोणत्या रात्री प्रवास आहे? घाट दिवसाउजेडी पार होतात का?
४. हॉटेलची नावे लेखी आहेत का, की 'किंवा तत्सम' एवढेच लिहिले आहे?
५. ई-पास, प्रवेश शुल्क आणि जीपभाडे दरात धरले आहे का?
६. दरड किंवा रेड अलर्ट आल्यास पर्यायी कार्यक्रम काय?
७. सहल रद्द झाल्यास किती पैसे, किती दिवसांत परत?
८. गटाचा प्रवास विमा काढला आहे का? त्याची प्रत कोणाकडे आहे?

आठपैकी आठ उत्तरे लेखी आली तरच आगाऊ रक्कम द्या.